हवा नव्हतीच: खोल जाणाऱ्या ब्रेक पेडलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी छोटी हॅचबॅक, वय दहा वर्षांच्या आसपास. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आणि पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर. ब्रेक ऑइलची दोन स्वतंत्र सर्किट तिरकी विभागलेली: एकावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक, दुसऱ्यावर उरलेली दोन. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत अशीच रचना असते.

गाडी एकच बाई चालवत. त्यांच्या सांगण्यावरून आणि जुन्या कामांच्या पावत्यांवरून जो इतिहास जुळला, तो असा. सुरुवात हँडब्रेकपासून झाली. चढावर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली तरी ती किंचित मागे सरकायची. एका गॅरेजने हँडब्रेकची केबल आवळून दिली. हँडब्रेक धरू लागला, विषय संपला. पुढच्या काही महिन्यांत पायाचा ब्रेक खाली खाली लागायला लागला. हे इतकं सावकाश झालं की बाईंचा पाय त्याच्याशी जुळवून घेत गेला. पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जायचं, सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट लागायचं. दोनदा दाबायची सवयच लागली.

घरातल्या दुसऱ्या कोणीतरी गाडी चालवली तेव्हा ते खटकलं आणि गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेली. तिथे ‘एअर धरली आहे’, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा अडकली आहे, असं निदान झालं. ब्रेक ऑइल बदललं, चारही चाकांची एअर काढली. जुनं ऑइल काळपट झालं होतं, ते बदलणं योग्यच होतं. पण गाडी परत आली ती एक नवी तक्रार घेऊन: सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की पेडल पायाखालून हळूहळू खाली सरकतं. त्याच गॅरेजने पुन्हा एअर काढून दिली. फरक पडला नाही. मग गाडी आली ती तिसऱ्या ठिकाणी, आणि पुढचं सगळं तिथलं आहे.

तक्रार नेमकी कोणती

पेडल खोल जाण्याचे निदान तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींची कारणं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

पहिला प्रकार: पेडल खाली लागतं, पण जिथे लागतं तिथे घट्ट लागतं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं. यात ऑइलचा दाब ठीक असतो. फक्त चाकापाशी भरून काढायचं अंतर जास्त झालेलं असतं. मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे तुकडे, ड्रमपासून लांब गेलेले असतात, किंवा डिस्क वाकडी फिरत असते, किंवा बेअरिंग ढिली होऊन डिस्क तिला चिमटणाऱ्या पॅडना मागे ढकलत असते.

दुसरा: पेडल मऊ लागतं, जितकं जोरात दाबाल तितकं आत जातं, आणि पंप मारत गेलं की थोडं सुधारतं. इथे हवेचा संशय रास्त आहे, कारण ऑइल दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते. चाकाकडे जाणारा जुना रबरी होज पाइप दाबाने फुगत असेल तरी पेडल असंच लागतं.

तिसरा: पेडल आधी योग्य जागी लागतं, आणि पाय तसाच ठेवला की बसत जातं. याचा अर्थ दाब टिकत नाही. ऑइल कुठून तरी निसटतंय, बाहेर किंवा आतल्या आत. नळीत अडकलेली हवा एकदा दाबली गेली की दाबलेलीच राहते. ती पेडलला अर्धा मिनिट सावकाश खाली नेत नाही. दुसऱ्यांदा एअर काढण्याआधी कोणी एवढा विचार केला असता तर ती मेहनत वाचली असती.

या गाडीत पहिला आणि तिसरा असे दोन प्रकार एकत्र होते. बाई मात्र दोन्हींना मिळून एकच वाक्य वापरत होत्या, ‘पेडल खाली जातं’, आणि त्यांनी तसं वापरण्यात काही चूक नाही. वेगळं करायचं काम ऐकणाऱ्याचं.

पहिली तपासणी

मेकॅनिकने गाडीला हात लावण्याआधी चार गोष्टी विचारल्या. ब्रेकच्या टाकीत ऑइल घालावं लागलं का? नाही. उतारावर किंवा लांबच्या प्रवासात जास्त होतं का? नाही, सकाळी पहिल्यांदा गाडी काढतानाही होतं. ब्रेकचा दिवा लागला का? नाही. जोरात दाबल्यावर कसं लागतं? इथे उत्तर देताना बाई जरा उसळल्याच. “अहो दादा, जोरात दाबलं की गाडी लगेच थांबते. म्हणून तर इतके दिवस चालवली!”

“जोरात दाबलं की थांबते आणि नुसता पाय ठेवला की बसते, हीच तर खूण आहे, मॅडम,” मेकॅनिक म्हणाला.

हे जरा उलगडून सांगायला हवं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो मास्टर सिलिंडर. त्यात पिस्टनवर रबरी कप असतात. कपाची कड बाहेरच्या बाजूला झुकलेली असते. पुढे दाब वाढला की तोच दाब कडेला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो आणि सील अधिक घट्ट होतं. म्हणून कड थोडी फाटली किंवा झिजली असेल, तर जोराच्या दाबाला ती बरेचदा धरते आणि हलक्या, संथ दाबाला ऑइल मागे सोडते. सुटलेलं ऑइल बाहेर कुठे जात नाही, वरच्या टाकीत परत जातं. म्हणून टाकीतली पातळी तशीच राहते आणि गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. गंमत अशी की ब्रेक तपासताना बहुतेक जण करकचून दाबून पाहतात. या दोषाला तीच चाचणी चुकवते.

थंड गाडीतही होतं, या उत्तराने आणखी एक शक्यता बाद झाली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलसाठी कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा मुरलेलं असताना १५५ अंश, अशी मर्यादा ठरलेली आहे. जुनं ऑइल लांब उतारावर उकळून वाफ धरतं आणि पेडल एकदम मऊ पडतं. पण तो गरम ब्रेकचा आजार आहे.

यानंतर डोळ्यांनी पाहणी. चारही चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे जोड, होज: सगळं कोरडं. मास्टर सिलिंडरच्या मागच्या तोंडातून गळणारं ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं आणि बाहेर दिसत नाही, म्हणून सिलिंडरचे दोन नट सैल करून तो जरासा पुढे ओढून पाहिला. तिथेही कोरडं. बूस्टरची नेहमीची चाचणी झाली: इंजिन बंद ठेवून पेडल बरेचदा दाबून साठलेला व्हॅक्यूम संपवायचा, पाय दाबून धरायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली जाऊन थांबायला हवं. इथे ते किंचित गेलं, आणि मग थांबण्याऐवजी सरकत राहिलं. इंजिन बंद ठेवूनही तेच. बूस्टर पायाच्या जोरात भर घालतो एवढंच, त्याच्याकडे ऑइल पळवण्याची वाट नाही. बसत जाणाऱ्या पेडलसाठी बूस्टर बदलल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. नव्या बूस्टरवरही पेडल तितकंच बसतं.

आणखी एक निरीक्षण पुढे कामी आलं. हलक्या दाबाला पेडल तळाला टेकत नव्हतं. बरंच खाली जाऊन एका जागी अडत होतं, आणि तिथून ब्रेक लागत होता.

समोर असलेले मार्ग

बाईंना घाई होती, हे लपवण्यासारखं नाही. गाडी रोजच्या कामाची होती, आणि त्यांची पहिली सूचना होती ती ‘एकदा नीट एअर काढून बघा ना’ अशी. मेकॅनिकने ती नाकारली. दोनदा झालेलं काम तिसऱ्यांदा करायला काहीतरी नवी माहिती हवी, आणि जी होती ती हवेच्या विरोधातच होती.

दुसरा मार्ग सरळ मास्टर सिलिंडर बदलण्याचा. लक्षणं त्याच्याकडेच बोट दाखवत होती, आणि अनुभवी माणूस इथे पैज लावेल. पण गाडीत एबीएस होतं. एबीएसच्या युनिटमध्ये प्रत्येक चाकाचा दाब सोडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. एरवी तो बंद राहतो. त्याच्या बैठकीवर कचरा अडकला की ऑइल युनिटच्या आतल्या छोट्या साठवणकक्षात शिरतं, आणि पेडल मास्टर सिलिंडर गेल्यासारखंच वागू शकतं. तिथेही बाहेर गळती दिसत नाही. नुकतंच जुनं काळं ऑइल ढवळून निघालं होतं, त्यामुळे ही शक्यता कागदावरची नव्हती. सिलिंडर बदलून दोष तसाच राहिला असता तर पुढचा संशयित त्याहून कितीतरी महाग होता.

तिसरा मार्ग होज पाइप एकेक करून खास क्लॅम्पने दाबून बंद करण्याचा. ज्या चाकाचा होज बंद केल्यावर पेडल टिकेल, दोष त्या बाजूला. पद्धत जुनी आणि झटपट आहे, पण होज दहा वर्षांचे होते. दाबलेला जुना होज आतून चिरतो आणि ते लगेच कळतही नाही. तपासणीसाठी नवा दोष तयार करण्यात अर्थ नव्हता.

राहिला चौथा: मास्टर सिलिंडरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडांनाच बुचं लावून त्याला बाकी सगळ्यापासून तोडणं. वेळ जास्त लागतो, पाइप सोडावे लागतात, नंतर एअर काढणं आलंच. पण उत्तर स्पष्ट मिळतं. हाच निवडला.

बुचांची चाचणी

पाइपांच्या नटांना फ्लेअर नटचा पाना लागतो. साध्या पान्याने त्यांचे कोपरे मारले जातात आणि मग पाइपही बदलावा लागतो. भोवती कापड अंथरलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं लागतं. त्याच आट्यांची आणि त्याच बैठकीची बुचं बसवली. ती पूर्ण आवळण्याआधी पेडल हलकेच, थोडं थोडं दाबून आतली हवा बुचांच्या कडेने जाऊ दिली. हे टाळलं तर सिलिंडरमध्ये राहिलेली हवाच पेडल मऊ करते आणि चांगला सिलिंडर बदनाम होतो.

आता पेडलपुढे फक्त मास्टर सिलिंडर होता. जोरात दाबलं: पेडल वर, दगडासारखं. हेल्परला वाटलं, सिलिंडर चांगला आहे. मग मेकॅनिकने पेडलवर पायाचं नुसतं वजन ठेवलं आणि तसाच बसून राहिला. अर्ध्या मिनिटात पेडल सरकत सरकत खाली आलं आणि मघासारखंच एका जागी अडलं.

एबीएस, पॅड दाबणारे कॅलिपर, होज, शू दाबणारे व्हील सिलिंडर सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले, निदान या तक्रारीपुरते. अडण्याचा अर्थही लागला. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात, एकेका सर्किटसाठी. पेडलच्या बाजूचा पहिला पिस्टन दाब धरत नसेल तर तो पुढे जात जात दुसऱ्या पिस्टनला प्रत्यक्ष टेकतो आणि त्याला ढकलू लागतो. दुसरं सर्किट शाबूत असल्याने पेडल तिथे अडतं. बाईंची गाडी हलक्या ब्रेकला एका तिरक्या जोडीवर, म्हणजे एक पुढचं आणि एक मागचं चाक यांच्यावर थांबत होती.

गाडी न्यायची की ठेवायची

नवा सिलिंडर लगेच मिळणार नव्हता. बाईंनी विचारलं, तोवर गाडी हळू चालवत नेली तर? मेकॅनिकने नाही म्हटलं. त्याचं कारण मला पटतं: एक सर्किट निकामी व्हावं आणि दुसऱ्याने गाडी थांबवावी ही रचना त्या वेळेपुरती गाडी थांबवण्यासाठी आहे. त्या उरलेल्या सर्किटचा कप त्याच वयाचा होता, त्याच ऑइलमध्ये राहिलेला होता आणि त्याच पद्धतीने पंप मारलेला होता. तो किती दिवस धरेल हे बाहेरून सांगता येत नाही. गाडी तिथेच राहिली.

सिलिंडर उघडल्यावर

जुना सिलिंडर काढून उघडला. पहिल्या पिस्टनच्या कपाच्या कडेला एक छोटी पण स्पष्ट चीर होती. सिलिंडरच्या आत, पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्या हद्दीपलीकडे, काळपट चिकट साका आणि हाताला लागेल असा खरखरीत पट्टा होता.

रोजच्या वापरात पेडल पूर्ण खालपर्यंत कधी जात नाही. पिस्टन आपल्या वाटेचा पहिला भागच वापरतो, तेवढी भिंत गुळगुळीत राहते. उरलेल्या भागात वर्षानुवर्षं ओलावा आणि कचरा साचून गंज धरतो. एअर काढताना ‘दाबा, पूर्ण दाबा’ म्हणत पेडल जमिनीला टेकवलं की कपाची कड पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावरून घासत जाते. जुन्या, कडक झालेल्या रबराला तेवढं पुरतं. एअर काढल्यानंतरच पेडल बसू लागलं, हा क्रम या खुणांशी जुळतो. तरीही सगळा दोष त्या गॅरेजवर टाकायला मी धजणार नाही. कप दहा वर्षांचा होता, त्याची वेळ जवळ आलेलीच होती. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून तळाआधीच अडवलं असतं तर ही वेळ पुढे ढकलली गेली असती, इतकंच खात्रीने म्हणता येतं.

नव्या रबरी कपांचं किट टाकून जुनाच सिलिंडर वापरावा का, हा प्रश्न आला. बिडाच्या सिलिंडरमध्ये हलके ओरखडे होन मारून, म्हणजे भिंत बारीक घासून, काढता येतात. हा अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्याच्या भिंतीवर प्रक्रिया करून आणलेला कठीण थर असतो, होन मारला की तो जातो आणि खालचा मऊ धातू नव्या कपाला लवकर खातो. पट्टा नखाला अडकत असताना किट म्हणजे काही महिन्यांची उधारी. नवा सिलिंडर ठरला.

बसवण्याचं काम

नवा सिलिंडर गाडीत लावण्याआधी शिकंज्यात धरून दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावल्या, त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबला. बूस्टरच्या दांड्याचं अंतर मॅन्युअलप्रमाणे तपासलं. दांडा लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं छिद्र झाकलेलं राहतं आणि ब्रेक तापून आपोआप धरू लागतात. आखूड पडला तर पेडलला फुकटची चाल येते, आणि नव्या सिलिंडरवरही पेडल खोलच राहतं.

मग चारही चाकांची एअर काढली, क्रम मॅन्युअलचा, ऑइल नव्या सीलबंद डब्यातलं, पेडलखाली ठोकळा. एबीएसचं युनिट स्कॅनरने फिरवून एअर काढायची का, यावर थोडी चर्चा झाली. पाइप फक्त मास्टर सिलिंडरपाशी उघडले होते, युनिट कोरडं पडलं नव्हतं. म्हणून आधी साध्या पद्धतीने काढून बघायचं ठरलं, आणि ते पुरलं.

पेडल आता बसत नव्हतं. हलका पाय ठेवा, जोर लावा, इंजिन सुरू असो वा बंद, जिथे लागलं तिथे टिकत होतं.

फक्त ते अजून खाली लागत होतं. आणि दुसऱ्या दाबाला वर येत होतं.

दुसरा दोष, जो खरं तर पहिला होता

या क्षणी हात आपोआप ब्लीड निपलकडे, म्हणजे चाकापाशी एअर काढायच्या तोंडाकडे, जातो. पाइप उघडलेले, सिलिंडर नवा, म्हणजे हवा राहिली असणार. मेकॅनिकने त्याऐवजी हँडब्रेक वर ओढला आणि पेडल पुन्हा दाबलं. पहिल्याच दाबाला पेडल चांगलं वर लागलं. हँडब्रेक सोडला, थोडं थांबून दाबलं: पुन्हा खाली.

या चाचणीला एक मिनिट लागतो आणि एकही नट फिरवावा लागत नाही. हँडब्रेक मागच्या शूंना केबलने ड्रमच्या जवळ नेतो. ते अंतर केबलने आधीच कापलेलं असेल, तर ऑइलला ते भरावं लागत नाही आणि पेडल वर येतं. म्हणजे जास्तीचं अंतर मागच्या ड्रममध्येच आहे. हवेच्या दोषाला हँडब्रेकने असा फरक पडत नाही.

शूचं थोडंसं अंतर पेडलला एवढं खाली नेतं का, अशी शंका येते. हिशोब करून पाहा. व्हील सिलिंडरचा व्यास १९ मिमी धरला तर त्याच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २८४ चौरस मिमी होतं. दोन ड्रममध्ये असे चार पिस्टन. प्रत्येकाला १ मिमी जास्त सरकावं लागलं तर जवळजवळ ११३५ घन मिमी ऑइल जास्त लागतं. मास्टर सिलिंडरचा व्यास २०.६ मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३३३ चौरस मिमी, म्हणजे मास्टरच्या दांड्याला ३.४ मिमी जास्त आत जावं लागतं. पेडलच्या तरफेचं प्रमाण ४ला १ असेल तर पायाखाली ते साडेतेरा मिमीच्या पुढे जातं. शू २ मिमी लांब गेले की पेडल सत्तावीस मिमी खाली. हे आकडे या गाडीच्या भागांवर मोजलेले नाहीत, पण छोट्या गाड्यांत मापं साधारण याच घरात असतात.

ड्रम काढायला घेतले तर ते सहज हातात आले. वापरलेल्या ड्रमच्या कडेला झिजेचा ओठ तयार होतो आणि शू जवळ असतील तर ड्रम त्यात अडकतो, ठोकावा लागतो. इथे अडकण्याइतके शू जवळच नव्हते. शू झिजतील तसे त्यांना ड्रमजवळ आणणारे दोन्हीकडचे स्वयंचलित अ‍ॅडजस्टर धूळ आणि गंजाने जाम झाले होते. आणि त्याहून महत्त्वाचं, हँडब्रेक पूर्ण सोडलेला असतानाही शूवरची हँडब्रेकची पट्टी आपल्या मूळ जागी टेकत नव्हती. केबल तिला कायम ओढून धरत होती.

इथे सगळा इतिहास उलटा वाचता येतो. अशा ड्रममध्ये पट्टी पूर्ण मागे आल्याशिवाय अ‍ॅडजस्टरला पुढची खाच घेता येत नाही. हँडब्रेक धरेना तो शू झिजून अंतर वाढलं म्हणून, कदाचित अ‍ॅडजस्टर तेव्हाच अडखळत होते. केबल आवळून हँडब्रेकपुरतं अंतर झाकलं गेलं, पण अ‍ॅडजस्टर त्यानंतर पुरता बंद पडला. शू झिजत राहिले, पेडल खाली जात राहिलं. त्याला हवा समजून पंप मारले गेले, आणि त्यात मास्टर सिलिंडरचा कप गेला.

दुरुस्ती साधीच. आधी केबल पूर्ण सैल केली. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या पद्धतीने साफ केली, ती धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून. अ‍ॅडजस्टर सोडवून, आटे साफ करून, उष्णता सोसणारं ग्रीस जेमतेम लावून बसवले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे: दोन्हींचे आटे उलट दिशेचे असतात आणि अदलाबदल झाली तर अ‍ॅडजस्टर शू जवळ आणण्याऐवजी लांब नेतो. शूवर माल पुरेसा होता. ड्रमचा आतला व्यास मोजला, तो ड्रमवर कोरलेल्या कमाल मर्यादेच्या आत होता. व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहिले, कोरडे. मग चाक फिरवताना शूचा अगदी हलका स्पर्श लागेल इतपत सेटिंग, पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर बसवणं, पुन्हा तपासणं, आणि सगळ्यात शेवटी केबल.

निकाल

पेडल पहिल्याच दाबाला वर आणि घट्ट लागू लागलं, दुसऱ्या दाबाला फारसं वर येईना. हलक्या आणि जोराच्या दाबाखाली ते टिकलं. हँडब्रेक मॅन्युअलमध्ये दिलेल्या खाचांमध्ये धरला, आणि सोडल्यावर चारही चाकं मोकळी फिरली. रस्त्यावरची चाचणी रिकाम्या जागी, कमी वेगाने सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवत घेतली. परतल्यावर चाकांपाशी हात नेऊन पाहिला, कुठलंही एकच चाक जास्त तापलेलं नव्हतं.

बाईंना एका गोष्टीचा त्रास झाला: पहिले काही दिवस गाडी झटके देत थांबायची. पाय अजून खोल जाण्याच्या हिशोबाने दाबत होता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी पहिल्या गॅरेजमध्ये होती. हँडब्रेक ढिला झाला की आधी ड्रम उघडून शूचं सेटिंग, मग केबल, हा क्रम. केबलला नट वरच असतो, ड्रमसाठी चाक काढावं लागतं, म्हणून उलटं केलं जातं. हे मला आळसापेक्षा घाईचं काम वाटतं, पण परिणाम तोच.

दुसऱ्या गॅरेजमध्ये ऑइल बदलण्याला आक्षेप नाही. पण पेडल ‘दुसऱ्या दाबाला वर येतं आणि घट्ट असतं’ हे तिथे विचारलं गेलं असतं, तर हवा हा पहिला संशय राहिला नसता. आणि एअर काढल्यावर लक्षण बदलून पेडल बसायला लागलं, ही तर नवी घटना होती. तिला जुन्याच तक्रारीचा उरलेला भाग समजून पुन्हा तेच काम करणं, ही या प्रकरणातली मला सर्वात खटकणारी जागा.

तिसऱ्या ठिकाणच्या कामात क्रमाबद्दल वाद घालता येईल. हँडब्रेकची चाचणी पहिल्याच दिवशी का केली नाही? बसत जाणाऱ्या पेडलची उंची स्थिर नसते, त्यामुळे तिचा निष्कर्ष धूसर आला असता, हे मेकॅनिकचं उत्तर बरोबर आहे. पण धूसर का होईना, दोन दोष असण्याची चाहूल तेव्हाच लागली असती. सिलिंडर बदलल्यावर ‘अजून एक काम निघालं’ हे ऐकताना बाईंच्या चेहऱ्यावर जी शंका आली, ती आधी सांगितलं असतं तर आली नसती. पंप मारून वर येणारं पेडल त्यांनी स्वतः वर्णन केलं होतं. तेवढ्यावर मागच्या शूंचा उल्लेख करून ठेवता आला असता.

मालकाच्या बाजूने पाहिलं तर दोनदा दाबायची सवय हाच इशारा होता. सावकाश वाढणारा दोष रोज चालवणाऱ्याला दिसत नाही. अधूनमधून दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला देऊन ‘ब्रेक कसा वाटतो’ विचारणं हा त्यावरचा उपाय बऱ्यापैकी चालतो, इथेही दोष तसाच लक्षात आला.

काही आठवड्यांनी गाडी पुन्हा पाहिली. पेडलची उंची तीच, टाकीतली पातळी तीच, नव्या सिलिंडरच्या मागे कोरडं. होज पाइपांवर बारीक भेगा दिसू लागल्या आहेत, ते पुढच्या कामात बदलायचे आहेत. कामाच्या कागदावर मेकॅनिकने पेडलची जमिनीपासूनची उंची आणि हँडब्रेकच्या खाचांची संख्या लिहून दिली आहे, म्हणजे पुढे कोणाच्याही हातात गाडी गेली तरी तुलनेला आकडा असेल.